दुष्काळातली शिराझ

आमच्या घरी माझ्या व्यवसायाला 'थुंकण्याचा धंदा' म्हणतात, आणि त्यात चूक काही नाही. मी वाईन तोंडात घेते, घोळवते, थुंकते आणि मग ती कशी आहे हे ती करणाऱ्यांना सांगते. गेली वीसेक वर्षं नाशिकला बसून हेच चाललंय. या कामापायी फ्रान्स पाहिला, इटली पाहिली, पण लातूरला कधी गेले नव्हते. जाणार म्हटल्यावर ज्याने-त्याने विचारलं, "लातूरला वाईन?" आम्हा नाशिककरांना सांगलीची द्राक्षंसुद्धा मनातून मान्य नसतात, तिथं लातूरचं काय घेऊन बसलात! तर जे गेले नाहीत आणि जाण्याची शक्यताही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बोलावणं सुजाता कांबळेकडून आलं. ही मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. काही वर्षांपूर्वी वाईन चाखण्याच्या माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची. आता ती चाकूर तालुक्यातल्या एका लहानशा वायनरीत वाईन करते. फोनवर म्हणाली, "मॅडम, बॅरलमधल्या शिराझचा निकाल लावायचाय. एकट्या माझ्यावर सोडण्यासारखं नाही. तुम्ही याच. पण एप्रिल आहे, पाणी नाही, तुमचे हाल होतील." हाल होतील असं आधीच सांगणारे यजमान मला आवडतात. मी तिकीट काढलं.

लातूर

तो उन्हाळा असा होता, की लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेने येत होतं. आमची गाडी शहराच्या अलीकडे बराच वेळ थांबली. मी घड्याळ पाहून चुळबुळ करायला लागले तशा समोरच्या आजी म्हणाल्या, "पाण्याची गाडी असंल पुढं. जाऊ द्या तिला आधी. आपुन उशिरा पोचलो तर काय बिघडतंय?" नाशिकरोडला गाडी जरा रखडली तरी रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी मी, तिथं मुकाट्याने बसले.

स्टेशनबाहेर सुजाता जीप घेऊन उभी होती. तिने आधी खायला नेलं. सुशीला नावाचा पदार्थ मी पहिल्यांदाच खाल्ला. भिजवलेले मुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, वरून लिंबू. दिसायला पोह्यांचा धाकटा भाऊ, पण हलका आणि तिखट. बशा कागदी होत्या, कारण धुवायला पाणी कुठून आणायचं? आणि आपल्याकडे हॉटेलात बसण्याआधी टेबलावर पाण्याचा ग्लास आदळतो, तसं इथं नव्हतं. पोऱ्याऐवजी मालकच आला आणि हळूच विचारलं, "पाणी लागतंय का?" लागतं म्हटल्यावर अर्धा ग्लास आणला. मी वाईनच्या ग्लासात अर्ध्याच्या खाली ओतायला लोकांना शिकवते, आणि पाणीही तसं मोजून ओततात हे पहिल्यांदा पाहिलं. घोट घेताना जरा अवघडल्यासारखं झालं.

चाकूरच्या वाटेवर काळी जमीन दोन्ही बाजूंना भेगाळून पडली होती. तुरीचे खुंट तेवढे उभे. भिंतीभिंतींवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं रंगवलेलं. सुजाता म्हणाली, "गावात यावरून रोज भांडण आहे. निम्मे म्हणतात उदगीरला जाऊ, निम्मे म्हणतात लातूरच बरं. जिल्हा झाला की पाणी येईल, असं मात्र दोन्हीकडचे म्हणून राहिलेत." पुढे एक टँकर चालला होता, त्याच्या तोटीतून धार गळत होती. एक बाई त्याच्या मागे चालत चालत त्या धारेखाली कळशी धरत होती. टँकर जरा जोरात गेला की तीही जोरात, हळू झाला की तीही हळू. सुजाताने गाडी मागेच ठेवली, बाईच्या पुढे काढली नाही.

आमच्या वाईनच्या जगात दुष्काळाचं नाव चांगलं आहे, हे इथं सांगितलं पाहिजे. वेलीला ताण द्यावा, पाणी तोडावं, म्हणजे मुळं खोल जातात, मणी बारीक राहतात आणि रस दाट होतो. याच्यावर परदेशात परिसंवाद होतात. मीसुद्धा 'ताणाचं सौंदर्य' अशा नावाचं भाषण ठोकून टाळ्या घेतलेल्या आहेत. त्या बाईची कळशी पाहिल्यावर मला ते भाषण आठवलं आणि माझीच मला लाज वाटली.

अप्पांची बाग

वायनरीचे मालक मन्मथअप्पा. साठी ओलांडलेली, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. "शरणार्थ, म्याडम. या, बसा," म्हणून त्यांनी लिंबाखालच्या बाजेवर बसवलं. या माणसाने आयुष्यात वाईनचा एक थेंब चाखलेला नाही, हे मला सुजाताने वाटेत सांगितलं होतं. मला राहवेना.

"अप्पा, स्वतः केलेली वाईन कधीच चाखावीशी वाटली नाही?"

"न्हाई. गळ्यात लिंग हाय, पिणार कसं?"

"मग कशी आहे ते तुम्हाला कळतं कसं?"

"मेडिकलवाला गोळ्या इकतो, म्हणून सगळ्या सोता खाऊन बघतो का?" अप्पा म्हणाले. "हिची जीभ हाय की. एवढं शिकलीय कशाला?"

"माझंही अर्धंच," सुजाता म्हणाली. "आमचं पंचशील घेतलेलं घर. अप्पा पीत नाहीत, मी गिळत नाही. मराठवाड्यातली सगळ्यात सोवळी वायनरी असेल ही."

अप्पांनी पूर्वी खायची द्राक्षं लावली होती. मग कोणीतरी सांगितलं की वाईनच्या द्राक्षाला पाणी कमी लागतं. ते खरं आहे. अप्पांनी शिराझची काळी द्राक्षं लावली, शेड उभी केली, टाक्या आणि ओकच्या लाकडाचे बॅरल आणले. भावकी हसली. "अप्पा दारू काढून राहिला म्हणले," अप्पांनी हसतच सांगितलं, पण ते त्यांना लागलं होतं हे दिसत होतं. वाईनला लोक चांगलं म्हणायला लागले तेवढ्यात पाऊस गेला. सलग दोन वर्षं गेला. यंदा तर त्यांनी वेलींवर फळ धरूच दिलं नाही, फुलोऱ्यातच घड काढून टाकले. म्हणजे मागच्या हंगामाची शिराझ हीच काय ती शिल्लक. ती बॅरलमध्ये होती आणि तिच्यासाठी मला बोलावलं होतं.

खरी गोष्ट अप्पांनी चहा येईस्तोवर सांगितली. गावची विहीर दिवाळीनंतरच आटली होती. अप्पांच्या बोअरला मात्र पाणी होतं. निम्मं पाणी ते गावच्या हौदात सोडत होते, निम्मं ठिबकने बागेला. आता एप्रिलची खरड छाटणी आली होती. एप्रिलमध्ये वेल छाटायचा, मग त्याला पाणी द्यायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचं फळ त्या नव्या काडीत तयार होतं. छाटून पाणी दिलं नाही तर वेल जातोच. आणि गावाला आता निम्म्या पाण्यात भागत नव्हतं.

"मी गावाला सांगून ठिवलंय," अप्पा म्हणाले. "नाशिकच्या म्याडम येऊन चाखतील. बॅरलची वाईन नामी निघाली तर बाग ठिवतो, छाटतो, पाणी निम्मंच मिळंल. न्हाई निघाली, तर सगळं बोअर गावाला. मंजूर हाय म्हणले लोकं."

"अहो अप्पा, एवढी मोठी गोष्ट तुम्ही माझ्या जिभेवर टाकली?"

"मग कुणाच्या टाकू? माझी तर चालत न्हाई."

तेवढ्यात चहा आला. पहिल्याच घोटाला दवाखान्याचा वास आला. माझा चेहरा पाहून अप्पांच्या पत्नी, मल्लम्माकाकू, म्हणाल्या, "टँकरचं पाणी हाय, म्याडम. टीसीएल टाकत्यात त्यात. दोन दिवसांत सवय होतीया." टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती जंतुनाशक पावडर, क्लोरीनची. बोअर पन्नास पावलांवर असताना घरात टँकरचं पाणी का, हे मला कळेना. अप्पा म्हणाले, "बोअरचं निम्मं दिलंय ना गावाला. दिलेल्या पाण्यात मधूनच आपला तांब्या बुडिवला तर मन खात राहतंय." बागेच्या निम्म्यातून एक घागर का घेत नाहीत, हा प्रश्न मला पडला होता, पण तो मी विचारला नाही. उत्तर बहुधा 'ते वेलींचं' असं आलं असतं.

शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चाखायला बसलो. नाशिकला अशा वेळी माझ्यासमोर ग्लासांची रांग असते, दर नमुन्याला ग्लास विसळला जातो, बादलीभर पाणी सहज जातं. इथं मी एकच ग्लास घेतला आणि पुढच्या वाईनच्या घोटभर धारेने तोच विसळला. जुने फ्रेंच लोक असंच करतात, हे सुजाताला सांगून मी माझ्या मनाची समजूत घातली.

आधी स्टीलच्या टाकीतली वाईन घेतली. बॅरल पुरले नाहीत म्हणून मागच्या हंगामाची थोडी शिराझ टाकीतच तळाला राहिली होती. ग्लास नाकाशी नेला आणि मी सरळ झाले. पिकलेलं जांभूळ, काळी मिरी, आणि उन्हात तापलेल्या दगडासारखं काहीतरी. तोंडात गेली तर दाट पण जड नव्हती. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्यापुढे अशी वाईन आली नव्हती. हल्ली आमच्याकडे सगळा कल गोडसर, हलक्या, डब्यातल्या वाईनकडे आहे. तरुण मुलं कमी पितात आणि प्यायली तर शिकंजीसारखी वाईन मागतात. त्यात वाईट काही नाही, पण अशी वाईन कोण करत बसणार, असा प्रश्न मला नेहमी पडतो. इथं तर ती केलेली होती. मला फार आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

"मग बॅरलची तर आणखी भारी असंल," दारातून अप्पा म्हणाले. ते आत येत नव्हते. उंबऱ्यावर उभे राहून माझा चेहरा वाचत होते.

पहिल्या बॅरलचा नमुना नाकाशी नेला. क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. ओल्या पोत्यासारखं. दुसऱ्यांदा हुंगलं तर काही नाही. वाईन वाईट नव्हती, पण जांभूळ नव्हतं, मिरी नव्हती. कोणीतरी वरून घोंगडी टाकावी तशी दबलेली. दुसरा बॅरल तसाच, तिसरा तसाच. सुजाता म्हणाली, "जरा बंद आहे, नाही? लाकडात गेल्यावर होते कधी कधी. उघडेल." मीही मान डोलावली. पण नाकाच्या कोपऱ्यात ते पोतं बसून राहिलं.

दुपारी मल्लम्माकाकूंनी शेंगापोळी वाढली. शेंगदाणे-गुळाचं सारण भरलेली, खमंग, वर तुपाची धार. आमच्या पुरणपोळीचा मला फार अभिमान आहे, पण ही पोळी प्रवासात न्यायला तिच्यापेक्षा सरस, हे कबूल करते. जेवताना चहाच्या वासाची आठवण झाली म्हणून पाण्याचा घोट मुद्दाम लक्ष देऊन घेतला. वास नव्हता. पाणी तेच होतं. म्हणजे माझ्या नाकाला एका दिवसात त्या वासाची सवय झाली होती.

संध्याकाळच्या आत मी पुन्हा शेडमध्ये जाऊन बॅरल चाखले. आता पोत्याचा वास कुठेच येईना. सकाळची आठी आता माझ्या चेहऱ्यावर नाही, हे अप्पांना दिसलं असावं. मी बाहेर आले तर ते म्हणाले, "मग, म्याडम? छाटणीच्या टोळीला उद्या सकाळी या म्हणू का?"

"अप्पा, मला दोन दिवस द्या."

"का हो? नामी न्हाई?"

"माहीत नाही. माझ्या नाकावर माझा भरवसा राहिलेला नाही. इथली हवा सोडून दुसरीकडे जाऊन चाखते, मग सांगते."

अप्पांनी वाद घातला नाही. पण दोन दिवस म्हणजे छाटणीला आणखी उशीर, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मला वाईट वाटलं. निकाल सांगायला आलेली बाई निकाल पुढे ढकलते, याला आमच्या व्यवसायात फारसा मान नाही.

अर्धापूर

सुजाताचं माहेर अर्धापूरला. तिला घरी जायचंच होतं, म्हणून नमुन्याच्या बाटल्या घेऊन आम्ही तिकडे निघालो. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो. पुलावरून गोदावरी दिसते म्हणून मी खिडकीशी सरसावून बसले होते. नाशिकची माणसं गोदावरीवर आपली मालकी समजतात. नदीत खडक होते, वाळू होती, कडेला हिरवं शेवाळलेलं डबकं होतं. वरून पाणी कोण अडवून बसतं, हे सुजाता बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही.

अर्धापूर म्हणजे केळीचं गाव. रस्त्याकडेला बागा हिरव्या दिसायला लागल्या तेव्हा डोळ्यांना बरं वाटलं, पण जवळ गेल्यावर निम्म्या बागांची पानं करपून लोंबत होती. सुजाताचे वडील, कांबळे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. "जय भीम, मॅडम. या," म्हणून त्यांनी हातात केळं दिलं. आमच्याकडे पाहुण्याला चहा, इथं आधी केळं. लहान, बुटकं, पण काय गोड!

"गुरुजी, पंचशील घेतलेलं घर आणि मुलगी वाईन करते. चाललं तुम्हाला?"

"कुठलं चालतंय! महिनाभर हिच्याशी बोललो नव्हतो."

"मग?"

"मग ती एक दिवस बाटली घेऊन आली आन् माझ्यासमोर अंगणात थुंकून दाखविलं. म्हणली, बाबा, बघा, गिळत नाही." गुरुजी हसले. "मी म्हणलो, मग जमतंय. शिकवलेलं पाण्यात गेलं न्हाई."

त्यांच्या अंगणात स्वतःची विहीर होती, तळाला पाणी होतं. ते गोड होतं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. रात्री जेवणात भाकरी, बेसन आणि मिरचीचा ठेचा. त्या पाण्याने चूळ भरून मी झोपले.

सकाळी ओसरीवर आम्ही बाटल्या उघडल्या. सुजातानेच ओतलं. आधी टाकीची, मग बॅरलची. मी ग्लास उचलायच्या आत तिने तिचा उचलला होता. तिने हुंगलं. ग्लास खाली ठेवला. परत उचलला, परत ठेवला. मग काही न बोलता उठून मागच्या परसात गेली.

मी हुंगलं. शंकेला जागाच नव्हती. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं पोतं, बुरसटलेलं. त्याखाली कुठेतरी जांभूळ गाडलेलं. दुसरा नमुना तसाच. सगळे तसेच.

बऱ्याच वेळाने ती आली. डोळे लाल होते. "टीसीएल," ती म्हणाली.

"पण बॅरल तर बोअरच्या पाण्याने..."

"नाही, मॅडम. दिवाळीनंतर टँकर सुरू झाला. त्याचा वास येतो म्हणून गावातली पोरं ते पाणी पीत नव्हती, थुंकायची. तेव्हा अप्पांनी ठरवलं, बोअरचं चांगलं पाणी गावाच्या पिण्याला, आणि टँकरचं वास मारणारं आपल्या घरी आणि वायनरीत, धुण्याधाण्याला. वायनरीचा नळच त्यांनी टँकरच्या टाकीला जोडला. तोवर शिराझ टाकीतच होती. ती बॅरलमध्ये भरण्याआधी मी त्या पाण्यानेच बॅरल धुतले. दोन-दोनदा धुतले, स्वच्छ व्हावेत म्हणून."

क्लोरीन लाकडाला लागला आणि लाकडात जराशी बुरशी असली, की हा वास तयार होतो. तो वाईनमध्ये उतरतो आणि मग निघत नाही. हे माझ्याच वर्गात मी शिकवलेलं. वायनरीत क्लोरीनची बाटली आणू नये, हे सुजाताला पाठ होतं आणि तिने ती कधी आणलीही नव्हती. तो पाण्यातून चालत आला होता. आणि शेडच्या त्या हवेत रोज वावरून तिच्या नाकाला तो वास येणं बंद झालं होतं, जसं एका दिवसात माझं झालं. पण एवढं सगळं समजावूनही तिचं एकच चाललं होतं, "मी पाणी उघड्या टाकीत रात्रभर ठेवायचे, मॅडम. मला वाटलं, क्लोरीन उडून जातो." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच सकाळी पुण्याच्या एका वाईन-व्यापारी मित्राचा फोन आला. मी कुठे आहे ते ऐकून तो हरखलाच. "दुष्काळाची वाईन! काय स्टोरी आहे! जेवढी असेल तेवढी घेतो." मी म्हटलं, दोष आहे, पोत्याचा वास येतो. तो हसला. "अगं, हल्ली तेच चालतं. नैसर्गिक म्हणायचं, रांगडी म्हणायचं. लेबलवर भेगाळलेली जमीन टाकू." तो खोटं बोलत नव्हता. गेल्या काही वर्षांत मी असं पुष्कळ पाहिलंय. वाईन बिघडलेली असली तरी त्याला तिचा बाणा म्हणतात आणि लोक मान डोलावत पितात. काही वेळा त्या वाईन खरंच मजेदार असतात, हेही खरं. पण ही तशी नव्हती. ही नुसती बिघडलेली होती. तरीही मी फोनवर लगेच 'नाही' म्हणाले नाही. हो म्हटलं असतं तर बाग वाचत होती.

परत बागेत

परतताना जीपमध्ये सुजाता म्हणाली, "अप्पांना मी सांगते. तुम्ही नका सांगू." मी बरं म्हटलं.

आम्ही पोचलो तर छाटणीची टोळी बागेच्या तोंडाशी सावलीत बसलेली होती. गावातल्याच बाया आणि बापे, कात्र्या बाजूला ठेवून. अप्पांनी बोलावलं नव्हतं, ती माणसं आपणहून निकाल ऐकायला आली होती. सुजाता बसलीसुद्धा नाही.

"अप्पा, बॅरलची वाईन गेली."

"सगळी?"

"सगळी. टाकीत आहे तेवढी चांगली आहे. बॅरल टँकरच्या पाण्यानं धुतले, टीसीएल लाकडात गेली. चूक माझी हाय, अप्पा."

अप्पा माझ्याकडे वळले. "म्याडम, द्राक्ष कसं होतं?"

"उत्तम. बागेत काहीही दोष नाही. टाकीतली वाईन मी चाखलेल्या चांगल्या वाईनपैकी एक आहे."

"मग चूक हिची न्हाई. नळ मी बदलला." ते सुजाताला म्हणाले, "रडायचं न्हाई पोरी. बस."

पुण्याच्या फोनचं मी सांगून टाकलं. ते लपवण्याचा मला हक्क नव्हता. अप्पांनी नीट ऐकून घेतलं.

"वासासकट घेतील?"

"घेतील."

"आन् लोकं पितील?"

"पितील. आवडली म्हणतीलसुद्धा."

"तुम्ही प्याल का?"

"नाही, अप्पा."

अप्पा थोडा वेळ विभूतीच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवत राहिले. "मला या कामात जीभ न्हाई. तुमची आन् हिची जीभ हाय म्हणून मी हे करून राहिलो. तुम्ही जे पिणार न्हाई, ते मी दुसऱ्याला पाजू कसं?"

मग मी वाद घातला. मी कधी कोणाच्या बागेसाठी एवढ्या पोटतिडकीने बोलले नव्हते. म्हटलं, वाईन चांगली निघाली तर बाग ठेवायची असं तुमचं ठरलं होतं. या बागेची वाईन चांगलीच निघाली, टाकीतली बघा. बिघडली ती नंतर. शब्द कुठे मोडतो? बाग ठेवा.

"मला पटतंय," अप्पा म्हणाले. "पण हौदापाशी घागर घेऊन उभ्या बाईला टाकी आन् बॅरल काय सांगू?"

ते उठून टोळीकडे गेले. "आज छाटणी न्हाई. यंदा न्हाईच."

टोळीतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "अप्पा, बिगरछाटणीची बाग राहती व्हय?"

"निजू द्या तिला. राहिली तर राहिली."

त्या बाई उठल्या, कात्री कनवटीला खोचली आणि अप्पांच्या मागे चालायला लागल्या. मग बाकीचेही. बोअरपाशी दोन व्हॉल्व्ह होते. अप्पांनी बागेकडचा बंद केला. घट्ट झाला होता, दोन्ही हातांनी पिळावा लागला. गावाकडचा पूर्ण उघडला तसा पाइप थरथरला आणि आतून पाण्याचा आवाज जायला लागला. ठिबकच्या नळ्यांमधून शेवटचे थेंब पडत होते, ते बराच वेळ पडत राहिले. सुजाता ते थेंब बघत उभी होती.

निघताना मी अप्पांच्या जवळ गेले. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून म्हटलं, "एवढी सुंदर वाईन होती, अप्पा. पाण्याने घात केला."

अप्पांनी झटकन मान हलवली. इतके दिवस मला म्याडम म्हणणारा तो माणूस म्हणाला, "न्हाई, ताई. पाण्याला नावं ठेवू नका. यंदा तरी नको."